चिंचोका कुठे गेला, मला दिसलं नाही

तुम्ही गेलात, पण वाद मिटवून गेला नाहीत. मला खोटारडी म्हणालात, तोंड फिरवून बसलात आणि त्याच आठवड्यात एका सकाळी छातीत कळ येऊन गेलात. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुमची सवय जुनीच. पण आधी तुम्ही पारापर्यंत जाऊन चहाच्या वेळेला परत यायचात.

तेरवीला लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. शांत होते म्हणाले, कोणाला कधी दुखावलं नाही म्हणाले. मी आतल्या खोलीत ऐकत होते. मला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाबद्दल सांगताहेत. तुम्ही शांत नव्हता. खेळ फसला की ताट पुढे ढकलायचात आणि घरातल्या सगळ्यांना उपास घडवायचात. एकाने सांगितलं की शेती सांभाळून जादूचा छंद जोपासला. सकाळी दात घासतानासुद्धा ज्याच्या बोटांत काहीतरी फिरत असतं, जो उजव्या हाताने जेवतो आणि डाव्या हाताने सराव करतो, त्याला छंद आहे असं म्हणतात का, मला माहीत नाही. मी तर त्याला दुखणंच म्हणायची.

ते दुखणं तुम्ही लग्नाआधीच लावून घेतलं होतं. बाजारात खेळ करणाऱ्या एका माणसामागे तुम्ही गावोगाव हिंडला होता, हे मला सासूबाईंनी सांगितलं. मी लग्न होऊन इंझोरीला आले त्याच आठवड्यात तुम्ही माझ्या नणंदांसमोर माझ्या कानामागून सुपारी काढलीत. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, ही सुपारी तुम्ही दारातून आत आलात तेव्हापासून डाव्या करंगळीशी दाबून धरली होती. नव्या नवरीने असं बोलू नये हे मला कळत होतं. पण दिसलं ते दिसलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि तुम्ही उठून गेलात. दुसऱ्या दिवशी चुलीजवळ येऊन उभे राहिलात.

"तुले दिसलं कसं?"

मी म्हटलं, "तुमी बोलून राह्यले होते, तवा मी हात पाहून राह्यली होती."

"मी बोललो का समदे तोंडाकडं पाह्यतात."

"तोंडात काय हाये पाह्यासारखं?"

लग्नानंतर मला पाहून तुम्ही पहिल्यांदा हसलात ते तेव्हा.

त्या दिवसापासून माझं काम ठरलं. तुम्ही मला विचारलं नाही आणि मी हो म्हटलं नाही, पण ठरलं. दुपारी मी सुपात तुरीची दाळ घेऊन खडे निवडायला बसले की तुम्ही समोर पोतं टाकून बसायचात आणि नवीन खेळ दाखवायचात. मला लपवलेलं दिसलं की मी म्हणायची, "दिसलं." मग तुम्ही तो खेळ मोडायचात, पुन्हा बसवायचात. जोपर्यंत मी "नाही दिसलं" म्हणत नाही, तोपर्यंत गावाला दाखवायचा नाही, हा तुमचा नियम. कितीतरी खेळ माझ्या सुपापुढेच मेले.

मला दिसायचं यात माझी काही हुशारी नव्हती. दाळ निवडणाऱ्या बाईचे डोळे जे वेगळं आहे त्याच्यावरच जातात. दाळीत खडा असतो तसा तुमच्या हातात एक न हलणारं बोट असायचं. आणि दुसरी गोष्ट, तुमचं बोलणं मी ऐकायचीच नाही. जादूगाराची अर्धी जादू बोलण्यात असते असं तुम्हीच सांगायचात. ज्या बाईला नवऱ्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यायची सवय नाही, तिला तो काय फसवणार?

तुमचे वाशीमचे दोस्त रशीदभाई, त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, तेही तुमच्यासारखेच हातचलाखीच्या नादी लागलेले. त्यांनी माझं नाव सेन्सर बोर्ड ठेवलं होतं. चुलतभावाशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चाललेल्या केसची तारीख असली की तुम्ही वाशीमला जायचात. कोर्टात हजेरी लावून पुढचा सगळा दिवस त्यांच्या दुकानात. ती केस इतकी वर्षं चालली ती तुमच्या चुलतभावाच्या हट्टाने चालली असं गाव समजतं. अर्धा हट्ट रशीदभाईंच्या दुकानाचा होता. केस मिटली त्या दिवशी सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि तुम्ही सुतकात असल्यासारखे बसलात. शेवटी मीच भिंतीवरचं घड्याळ काढून हातात दिलं आणि म्हटलं, हे मागे पडून राह्यलं, दाखवून आणा. त्या घड्याळाची दुरुस्ती पुढे कधीच संपली नाही.

वाशीमहून तुम्ही एकदा रेशमी रुमाल आणले होते. लाल, हिरवा, पिवळा. मुठीतून एकामागे एक काढायचे होते. पण नांगर, विळा आणि मोटेचा दोर धरलेले हात. तळव्याला भेगा. रुमाल भेगेत अटकायचा आणि धागा निघायचा. तुम्ही हाताला तूप चोळायला लागलात. मी तुपाचा डबा कुलपात ठेवला. त्यावर आपलं जे भांडण झालं ते शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून पूर्ण ऐकलं आणि त्यांना वाटलं आपण जमिनीवरून भांडतोय.

पण त्या भांडणातूनच तुमचा सगळ्यात चांगला विचार निघाला, हे मी मान्य करते. तुम्ही दोन-तीन दिवस आपलेच हात पाहत बसलात. मग म्हणालात की आपण शहरातल्या जादूगाराचा हात उसना आणून राह्यलो, म्हणून फसून राह्यलो. आपल्या हाताला जे जमते तेच करायचं. रुमाल तुम्ही माझ्या बांगड्यांच्या डब्यात टाकून दिलेत आणि ज्या भेगेत धागा अटकत होता तिच्यात काय बसतं ते शोधायला लागलात. तुरीचा दाणा बारीक, पडायचा. बोराचं बी गोल, घरंगळायचं. सुपारी मोठी. कितीतरी दिवस घरभर बिया सांडलेल्या, झाडताना माझ्या पायाखाली यायच्या आणि मी शिव्या द्यायची. शेवटी चिंचोका सापडला. चपटा, गुळगुळीत, तुमच्या हाताच्या रंगाचाच. अंगठ्याखालच्या भेगेत कड बसवली की हात उलटा केला तरी पडायचा नाही. बोटं सगळी मोकळी, पसरलेली. पहिल्यांदा दाखवलंत तेव्हा मी बराच वेळ पाहत राहिले आणि म्हटलं, "नाही दिसलं." तुम्ही घरातून बाहेर गेलात, बैलांपाशी जाऊन उभे राहिलात आणि परत आलात. गावाला तो खेळ आवडला. शेतकऱ्याच्या भेगाळलेल्या हातावर कोण संशय घेईल?

ते सगळं ठीक. पण निंदणाला बाया आलेल्या असताना तुम्ही धुऱ्यावर बसून चिंचोके फिरवायचात, त्याची मला आजही चीड येते. तुम्ही गेलात म्हणून ती कमी झालेली नाही.

गणपतीतला तो प्रकार तुम्ही जन्मभर काढत राहिलात, तर मीही एकदा सांगते. शाळेच्या पटांगणात तुमचा खेळ होता. मी बायांमध्ये बसून शेंगा सोलत होते. तुम्ही मूठ मिटली, लोक गप्प झाले, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "दिसलं." मी मुद्दाम केलं नाही. हात कामात असला आणि तुम्ही समोर असलात की तोंडातून तेच निघायचं. सगळं पटांगण हसलं. तुम्हीही हसल्यासारखं केलंत आणि घरी येऊन माझ्याशी बोलला नाहीत. पण पुढच्या वर्षी तुम्हाला त्याच्यातही खेळ दिसला. म्हणालात, मी मूठ मिटतो, तू बायांमधून "दिसलं" म्हणजो, लोकं डाव्या हाताकडं पाहतील, मी उजव्यातून काढीन. मी म्हटलं, डाव्यात काही नसेल तर मी कायले म्हणू?

"खेळात खोटं चालते," तुम्ही म्हणालात.

"माह्या तोंडून नाही चालत."

तुम्ही विनवलंत, चिडलात, जेवला नाहीत. मी ऐकलं नाही. शेवटी तुम्ही दोन चिंचोके घेतलेत. एक डाव्या हातात मुद्दाम वाईट लपवायचा, मला खरोखर दिसेल असा. मग मी खरोखर "दिसलं" म्हणायची आणि तुम्ही दुसरा उजवीकडून काढायचात. माझ्या खरेपणासाठी तुम्हाला एक चिंचोका जास्त लागला. रशीदभाई म्हणायचे, अशी बायको कोर्टात साक्षीला नेली असती तर केस एका तारखेत संपली असती, म्हणूनच नेली नाही.

हे सगळं तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही मला खोटारडी म्हणालात ते मला जास्त लागलं.

आपला एक वाद तर कधीच सुटला नाही. लोक विचारायचे, कसं केलं सांगा ना काका, आणि तुम्ही सांगायचा नाहीत. मी म्हणायची, सांगून टाकलं तर काय बिघडते, तुम्ही काही पोट भरत नाही त्याच्यावर. तुम्ही म्हणायचात, "सांगितलं का मंग ते माहिती होते. खेळ नाही राहत." मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही.

मग हात थरथरायला लागले. आधी उजवा. चहाची बशी वाजायची. वाशीमच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी थोडा फरक पडला आणि मग पडेनासा झाला. शर्टाची बटणं मी लावायला लागले. तुम्ही चिंचोके एका पिशवीत भरून खुंटीला टांगलेत आणि समोर येऊन बसायचं बंद केलंत. दिनेशने पुण्याहून फोनवर सांगितलं, बाबा आता आराम करा. पोटचा मुलगा, पण आपला बाप कशाने आराम पावतो हे त्याला माहीत नाही. त्याचाही दोष नाही. दूर राहणाऱ्याला आपण बरे आहोत एवढंच सांगतो.

त्या दिवसांत मी दुपारी दाळ निवडायची आणि समोर नुसती जमीन. तुम्ही बाहेर खाटेवर. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त सुपाचा. हाताबद्दल मी तुम्हाला काही विचारलं नाही. तुम्ही काही सांगितलं नाही. आता वाटतं विचारायला पाहिजे होतं, पण विचारून काय बोलले असते ते मला अजूनही सुचत नाही.

एक दिवस तुम्ही पोतं टाकून समोर येऊन बसलात. अंगात नुसती बंडी, बाही नाही, खिसा नाही. चिंचोका उजव्या तळव्यावर ठेवलात. हात इतका थरथरत होता की चिंचोका तळव्यावर नाचत होता. मूठ मिटलीत. मूठसुद्धा थरथरत होती. मग दोन्ही हात उघडे करून पुढे धरलेत. दोन्ही रिकामे.

"सांग," तुम्ही म्हणालात.

"नाही दिसलं."

तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. पुन्हा केलंत. पुन्हा हात रिकामे.

"नाही दिसलं म्हटलं ना."

तुमचा चेहरा बदलला. असा चेहरा मी खेळ फसल्यावर पाहिला नव्हता आणि जमल्यावरही पाहिला नव्हता. म्हणालात, "जन्मभर खोटं नाही बोलली. आता म्हातारपणी कीव करून राह्यली काय माही?"

"कीव कायची? नाही दिसलं तर दिसलं म्हणू?"

"असा हात हाये, आंधळ्याले दिसन. खोटारडी हायेस तू."

मीही गप्प बसणारी नाही. मला कीव करायची असती तर तुपाच्या वेळेस केली असती, असं काहीतरी बोलले. तुम्ही उठलात. उठताना तोल गेला, मी हात धरायला गेले, तुम्ही झटकलात. त्यानंतर आपण गोळ्या, चहा आणि ताट एवढंच बोललो. आणि मग ती सकाळ.

वाशीमला नेईपर्यंत गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हात थरथरत नव्हते. मी तेव्हाच समजले.

तुम्ही गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. मी फार बोलायची असं नाही, पण कमी बोलायलाही समोर माणूस लागतो. एकटीपुरती दाळ शिजवायला घेतली तर पातेल्याच्या बुडाला लागते. शेत मक्त्याने दिलं आहे. दिनेश म्हणतो पुण्याला चला. तिथे माझं काय काम? मी नाही म्हटलं. तो तेरवीनंतर चार दिवस राहिला आणि गेला. शेजारीण सकाळी डोकावते आणि सव्वा महिना घराबाहेर पडायचं नसतं हे सांगून जाते.

काल रशीदभाई आले. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तेरवीला येता आलं नव्हतं. काळा चष्मा लावून एसटीने आले, ओसरीवर बसले. मी चहा दिला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी हातातलं काम खाली ठेवलं.

म्हणाले, शेवटच्या वेळी डॉक्टरकडे आलात तेव्हा तुम्ही त्यांच्या दुकानात गेला होता. खूश होता. म्हणालात, रशीद, माझा हात गेला, पण मला एक गोष्ट सापडली. थरथरत्या हाताकडे कोणी पाहत नाही. चहावाला पाहत नाही, कंडक्टर पाहत नाही, पोरगा पाहत नाही. हात पुढे केला की चांगला माणूस लगेच मान वळवतो. जन्मभर आपण लोकांची नजर हटवायला बोलत राह्यलो, आता हात स्वतःच हटवतो. जितका जास्त थरथरेल तितकी लपवायला जागा जास्त. तुम्ही तिथल्या तिथे त्यांना करून दाखवलंत आणि त्यांना कळलं नाही. त्यांनी विचारलं, कुठे गेला चिंचोका? तुम्ही हसून म्हणालात, घरी एक जण आहे, ती सांगेल. ती मान वळवणाऱ्यातली नाही. तिच्यासमोर हा खेळ चालणारच नाही.

मग रशीदभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभी, आता तुमीच सांगा. कुठं जात होता तो?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"तुमाले नाही माहीत?"

"मले दिसलंच नाही, रशीदभाई."

ते हसले. म्हणाले, ठीक है, राज रखना है तो रखो, त्याचंच शिकवलेलं आहे. त्यांनाही खरं वाटलं नाही. एक नवरा खोटारडी म्हणून गेला आणि आता त्याचा दोस्त.

मला तेव्हा सगळं समजलं. तुम्ही कीव म्हणालात ते का म्हणालात, ते समजलं. तुम्ही खेळ दाखवायला बसलाच नव्हता. मी पकडणार हे धरून बसला होता. सगळी दुनिया मान वळवते, ही नाही वळवणार, हे तुम्हाला एकदा पाहून घ्यायचं होतं. मी "दिसलं" म्हटलं असतं तर तुम्ही खूश झाला असता. मी म्हटलं "नाही".

पण मी खोटं बोलले नव्हते. तुमचा हात वर आला आणि मी सुपात पाहिलं. दोन्ही वेळेला. सुपात खडे नव्हते, दाळ कधीचीच निवडून झाली होती. तुमच्या हाताकडे माझ्याने पाहवलं नाही. ती कीव नव्हती. कीव मी बैलाची करते. हे काय होतं त्याला माझ्याकडे शब्द नाही.

संध्याकाळच्या गाडीला रशीदभाईंना सोडायला मी थांब्यापर्यंत गेले. नव्या डोळ्यांनी त्यांना रस्ता नीट दिसत नव्हता, आणि सव्वा महिन्याचं माझ्या मनातही नव्हतं. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडले. थांब्यावर गर्दी होती. थांब्यापाशी भाजी विकणारी वच्छलाबाई, जिच्याशी मी इतकी वर्षं भाजीच्या जुडीवरून भांडते, तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि लगेच नजर तराजूकडे नेली. तराजूत काही नव्हतं. तिच्याजवळच्या बायांनी तेच केलं. पानठेल्यावरच्या माणसांनी तेच केलं. मी जिकडे पाहावं तिकडे माना वळायच्या. वाईट कोणी नव्हतं. त्यांच्याने पाहवत नव्हतं.

गाडी आली. रशीदभाई चढले, खिडकीशी बसले, चष्म्यामुळे त्यांना मी दिसत नव्हते. गाडी निघाली. तुमचा खेळ नुसत्या हातावर नाही, आख्ख्या माणसावर कसा चालतो ते मी तिथे उभी राहून समजून घेतलं. भर थांब्यावर, एवढ्या ओळखीच्या माणसांत, मी तुमच्यासाठी पहिल्यांदा रडून घेतलं. पदर वर केला नाही, तोंड लपवलं नाही. कोणालाही कळलं नाही.

आता तरी माझं खरं माना.